कॅप्टन साठे यांची बाजू मांडायची तर चौकशी अहवाल हातात धरूनच

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅप्टन दीपक साठे ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळमधल्या कोझिकोडच्या विमान अपघातात गेले. विमान तेच चालवत होते. पुण्यातल्या एका सोसायटीत त्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चाकं उघडत नव्हती, त्यांनी हवेत तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही आणि इतके लोक वाचले. दुसरा तट म्हणतो, सरकारी अहवालातच वैमानिकाने नियम पाळले नाहीत असं छापलंय, मग कसला कुशल वैमानिक? प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा मुलगा एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची तयारी करतो आहे आणि त्याला नेमकं काय सांगायचं, हे त्यांना कळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. कॅप्टन साठे हे उत्तम व्यावसायिक वैमानिक होते. त्या रात्रीचं शेवटचं लँडिंग त्यांनी चालू ठेवायला नको होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि दोन्हींचा आधार एकाच अहवालात सापडतो.

घिरट्यांची गोष्ट आधी बाजूला काढू. बोईंग ७३७ मध्ये हवेत इंधन सोडून देण्याची यंत्रणाच नसते. इंधन कमी करायचं तर ते जाळावं लागतं आणि हे विमान तासाला साधारण अडीच टन जाळतं. तीन घिरट्यांमध्ये टाक्या रिकाम्या होणं शक्य नाही. चाकांत बिघाड असल्याचं अहवालात कुठेही नाही. विमान रीतसर चाकांवरच टेकलं. दरीत कोसळल्यावर इंधन गळलं, पण पेटलं नाही, असं अहवाल सांगतो. म्हणजे इंधन होतंच. ही कथा आपुलकीपोटी पसरली हे मला समजतं, पण तिने साठे यांचं नुकसानच केलं. ती खोटी ठरते त्या क्षणी ऐकणाऱ्याला वाटतं की खरं बोलून यांचा बचाव करताच येत नसणार. तो करता येतो.

अपघाताचे आकडे असे. विमान एअर इंडिया एक्सप्रेसचं बोईंग ७३७-८००, दुबईहून कोझिकोडला, वंदे भारत मोहिमेतलं, म्हणजे कोविडकाळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याच्या मोहिमेतलं. विमानात १९० माणसं, त्यांपैकी १८४ प्रवासी. मृत्यू २१, त्यात दोन्ही वैमानिक. विमान अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा, अंतिम अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. संभाव्य कारण म्हणून त्यात लिहिलं आहे की विमान चालवणाऱ्या वैमानिकाने एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती, पाळली नाही, अस्थिर ॲप्रोच (धावपट्टीकडे उतरत येताना वेग किंवा उतरण्याचा दर मर्यादेबाहेर असणं) चालू ठेवला आणि 'गो-अराउंड', म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जा, अशी हाक येऊनही धावपट्टीच्या मध्यावर विमान टेकवलं. लोक सहसा इथे थांबतात. त्याच परिच्छेदात पुढे असंही आहे की सहवैमानिकाने नियंत्रण हातात घेऊन गो-अराउंड केलं नाही. आणि व्यवस्थेतल्या त्रुटींचा वाटा दुर्लक्षित करता येणार नाही, हेही त्याच अहवालाने नोंदवलं आहे.

आता धावपट्टीकडे वळू, कारण सगळा मामला मीटर आणि सेकंदांचा आहे.

पुणेकरांना लोहगावचं विमानतळ माहीत आहे. लोहगावच्या मुख्य धावपट्टीचं नाव १०/२८, आणि कोझिकोडच्या धावपट्टीचंही तेच. हे आकडे म्हणजे होकायंत्राची दिशा, शेवटचा शून्य गाळून. '१०' वर उतरणारं विमान साधारण पूर्वेकडे जातं, '२८' वर उतरणारं पश्चिमेकडे. लांबीतही फार फरक नाही: लोहगावची अडीच किलोमीटरच्या आसपास, कोझिकोडची २,७०० मीटर. फरक आहे तो धावपट्टी संपल्यावर. कोझिकोडची धावपट्टी डोंगर सपाट करून बांधलेली, टेबलटॉप. टोकाला तेव्हा २४० मीटर लांब आणि ९० मीटर रुंद सुरक्षा पट्टा होता, त्यापलीकडे उतार. विमान जिथे आदळलं ती जागा धावपट्टीपेक्षा सुमारे ११० फूट खाली होती.

पावसाळ्यात तिथे वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून २८ वर उतरणं सोयीचं: वारा समोरून येतो आणि जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग कमी राहतो. साठे यांचा पहिला प्रयत्न २८ वरच होता. पाऊस होता, त्यांच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला. त्यांनी लँडिंग सोडून दिलं आणि विमान वर नेलं. बेदरकार म्हणणाऱ्यांनी या नोंदीवर थांबावं. लँडिंग जमत नसेल तर सोडून द्यायचं, हा या व्यवसायातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि त्याच कॅप्टनने त्याच संध्याकाळी तो बरोबर घेतला होता. 'घरी पोचायची घाई, नियमांची पर्वा नाही' असं ज्याच्याबद्दल म्हणायचं, तो माणूस पहिला प्रयत्न असा सोडत नाही.

मग वापरातली धावपट्टी बदलली. दुसऱ्या एका विमानाला १० वरून उड्डाण करू देण्यासाठी नियंत्रकाने घाईत हा बदल केला आणि ओल्या धावपट्टीवर, पावसात, मागून वारा असताना उतरणाऱ्या विमानावर त्याचा काय परिणाम होईल हे लक्षात घेतलं नाही, असं अहवाल म्हणतो. कॅप्टनने १० स्वीकारली. नाही म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता, तो त्यांनी वापरला नाही. ही चुकांच्या साखळीतली पहिली कडी.

टेकतानाचे आकडे: टेलविंड, म्हणजे मागून ढकलणारा वारा, १४ नॉट. जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर. टेकण्याची जागा धावपट्टीच्या सुरुवातीपासून ४,४३८ फुटांवर, एकूण लांबी ८,८५८ फूट. मीटरमध्ये सांगायचं तर सुमारे १,३५० मीटर मागे गेले आणि जवळजवळ तेवढेच पुढे उरले.

हिशेब करून बघा. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हवेतला वेग तोच ठेवून १४ नॉट वारा मागून न येता समोरून आला असता, तर जमिनीवरचा वेग १३७ नॉटच्या आसपास राहिला असता. १६५ आणि १३७ च्या वर्गांचं गुणोत्तर १.४५ येतं. नुसत्या वाऱ्याच्या दिशेने थांबण्याचं अंतर सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलं. दुसरा परिणाम उतरण्याच्या दरावर. तीन अंशांच्या मार्गावर राहायला मिनिटाला किती फूट उतरायचं, याचा कॉकपिटमधला ठोकताळा म्हणजे जमिनीवरचा वेग गुणिले पाच. १३७ ला ६८५, १६५ ला ८२५. स्थिर ॲप्रोचची वरची मर्यादा १,००० आहे. म्हणजे वारा मागून असला की चुकायला उरलेली जागा जवळजवळ निम्मी होते. साठे यांचा दर काही क्षण ही मर्यादा ओलांडून गेला. सहवैमानिकाने त्याकडे लक्ष वेधलं होतं.

टेकण्याचंही तसंच. चाकं धावपट्टीच्या सुरुवातीपासून साधारण ३०० मीटरच्या खुणेजवळ टेकवायचा प्रयत्न असतो आणि कोणत्याही परिस्थितीत पहिल्या ३,००० फुटांत, म्हणजे सुमारे ९०० मीटरच्या आत. याला टचडाउन झोन म्हणतात. १६५ नॉटच्या वेगाला विमान सेकंदाला ८५ मीटर पुढे सरकतं. नाक उचलून विमान हलकेच टेकवण्याच्या क्रियेला फ्लेअर म्हणतात. ती पाच सेकंद लांबली तर सव्वाचारशे मीटर धावपट्टी गेली. ओल्या धावपट्टीवर विमान ठाम, थोडं जोरातच टेकवायचं असतं, म्हणजे चाकांखालचं पाणी फुटतं आणि ब्रेक लवकर धरतात. पण काचेवर पाणी, खाली अंधार आणि वायपर मंद चालत असताना शेवटच्या वीस-तीस फुटांचा अंदाज डोळ्यांना येत नाही. रात्रीच्या अशा दृष्टिभ्रमाची शक्यता अहवालाने नाकारलेली नाही. आत बसलेल्याला आपण किती पुढे गेलो हे जाणवत नाही. म्हणून तर झोनची मर्यादा आकड्यांत बांधलेली असते: डोळ्यांना काहीही वाटो, ९०० मीटर गेले की वर जायचं.

ब्रेकचाही हिशेब सांगतो, कारण 'नुसता जोरात ब्रेक मारला असता तर' हा प्रश्न येतोच. ७३७ च्या ऑटोब्रेकचा, म्हणजे आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा, '३' हा मधला टप्पा सेकंदाला सुमारे २.२ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करतो. १६५ नॉटवरून त्या दराने थांबायला साधारण १,६४० मीटर लागतात. उरले होते १,३५०. कोरड्या धावपट्टीवर पूर्ण ताकदीचा ब्रेक याहून खूप जास्त दर देतो, पण ओल्या धावपट्टीवर तो दर यंत्र ठरवत नाही, टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण ठरवतं. विमान धावपट्टी सोडून गेलं तेव्हा वेग ८४.५ नॉट होता. वर्गाचा हिशेब लावला तर टेकतानाच्या ऊर्जेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश ऊर्जा धावपट्टीवरच संपली होती. उरलेल्या चतुर्थांशाने २१ जीव घेतले. सुरक्षा पट्टा ओलांडून, अँटेना आणि कुंपण तोडून विमान खाली आदळलं तेव्हाही वेग ४१ नॉट, ताशी ७६ किलोमीटर होता.

इथे मी जरा रागाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. धावपट्टीच्या टोकाला ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे बसवता येतात. चाकं त्यांत रुततात आणि विमान थांबतं. याला ईमास म्हणतात. साधारण ७० नॉट वेगाने आलेलं विमान थांबवण्याच्या हिशेबाने त्याची रचना केलेली असते. ८४.५ नॉटला विमान पूर्ण थांबलंच असतं असा दावा मी करणार नाही, पण कड्यावरून जाताना वेग फारच कमी असता. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवर याच कंपनीचं याच जातीचं विमान असंच पुढे गेलं आणि १५८ माणसं मेली. त्याची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिथेही लांबलेलं लँडिंग होतं, तिथेही सहवैमानिकाने गो-अराउंडची हाक दिली होती. दहा वर्षांनी तीच पटकथा दुसऱ्या टेकडीवर घडते, तेव्हा दोष एका माणसाच्या स्वभावात शोधणं मला अप्रामाणिक वाटतं.

कॅप्टनवर दडपण कसलं होतं, हेही अहवालात आहे, आणि मला ते संपूर्ण अहवालातलं सगळ्यात बोलकं पान वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणारं एक उड्डाण त्यांना करायचं होतं. त्या रात्री विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ड्यूटीची वेळ लांबली असती, विश्रांतीचे सक्तीचे तास पुढे सरकले असते आणि सकाळचं विमान कॅप्टनविना अडलं असतं. बदली कॅप्टन का नव्हता? कारण त्या तळावर २६ फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होते आणि कॅप्टन फक्त एक. हे कंपनीच्या चुकीच्या मनुष्यबळ धोरणाचं फळ असल्याचं अहवाल स्पष्ट म्हणतो. जबाबदारीची जाणीव असलेल्या माणसाला असं वेळापत्रक जास्त टोचतं. बेफिकीर माणूस शांतपणे डायव्हर्ट करून झोपला असता. व्यावसायिक निष्ठाच इथे चुकीच्या बाजूला ओढत होती.

औषधांचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण दुसरा तट तो नक्की काढेल. कॅप्टन मधुमेहावरची काही औषधं डॉक्टरांनी लिहून न देता घेत होते आणि त्यामुळे रक्तातली साखर किंचित उतरून विचारशक्ती मंदावली असण्याची शक्यता आहे, असं अहवाल म्हणतो. ही 'शक्यता' आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. तरी बचाव करणाऱ्याने ही गोष्ट झाकू नये. ती चूकच होती. वैमानिकाच्या पोटात जाणारी प्रत्येक गोळी वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरला माहीत असायला हवी. त्याचबरोबर हेही लक्षात घ्या की वैमानिकाची उपजीविका वैद्यकीय प्रमाणपत्रावर टांगलेली असते. आजार सांगितला की परवाना जातो, अशी भीती जिथे असते तिथे माणसं आजार सांगत नाहीत. हा दोष जगभरच्या विमानसेवेत आहे.

साठे यांची कारकीर्द पुरावा म्हणून पुढे केली जाते. ते खडकवासल्याच्या एनडीएचे, ५८व्या कोर्सचे. १९८१ मध्ये हवाई दलात कमिशन मिळालं, हवाई दल अकादमीत मानाची तलवार पटकावली, २००३ मध्ये विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून काम, मग नागरी विमानसेवा. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण मानाची तलवार म्हणजे २०२० सालच्या लँडिंगचं प्रमाणपत्र नव्हे. अहवाल तर सांगतो की कोझिकोडला अशाच हवामानात उतरण्याचा त्यांचा दांडगा अनुभवच अतिआत्मविश्वासाला कारणीभूत ठरला असावा. आधी अनेकदा जमलेलं असतं म्हणून यावेळीही जमेल असं मेंदू सांगतो. नवखा वैमानिक घाबरून लवकर वर जातो. अनुभवी माणसाला 'अजून दोन सेकंद, टेकतंयच' असं वाटतं. हे व्यक्तीचं दुबळेपण नाही. म्हणूनच कॉकपिटमध्ये दोघे असतात.

आता त्या दुसऱ्या माणसाविषयी, आणि तेही आदरानेच. पायलट मॉनिटरिंगचं, म्हणजे विमान न चालवता लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाचं, काम म्हणजे आकडे वाचणं, मर्यादा ओलांडली की सांगणं, ऐकलं नाही तर ठामपणे सांगणं आणि तरीही काही झालं नाही तर 'आय हॅव कंट्रोल्स' म्हणून विमान हातात घेणं. पहिल्या पायऱ्या झाल्या, शेवटची झाली नाही. ती का होत नाही? आपल्याहून वयाने कितीतरी मोठे, हवाई दलातून आलेले, चाचणी वैमानिक राहिलेले सर शेजारी बसलेले असतात. त्यांच्या हातातलं स्टिअरिंग धरायचं, तेही जमिनीपासून काही फुटांवर. आपल्याकडे मोठ्यांना नुसतं अडवायलाही धीर लागतो. हा धीर स्वभावातून येत नाही, सिम्युलेटरमध्ये सराव करून येतो: कॅप्टनने मुद्दाम लांब लँडिंग करायचं आणि फर्स्ट ऑफिसरने प्रत्यक्ष नियंत्रण घ्यायचं, हात आपोआप जाईपर्यंत. नुसतं वर्गात शिकवून भागत नाही.

सोसायटीतल्या वादासाठी एक व्यवहाराची गोष्ट. अपघाताचा अहवाल शेवटून वाचू नका. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे त्याचे चार भाग असतात: तथ्यं, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी. बातम्या तिसऱ्या भागातलं एक वाक्य उचलतात. तुम्ही पहिल्या भागातलं १.१ वाचा, त्यात उड्डाणाचा घटनाक्रम असतो. मग १.७ हवामान, १.१० विमानतळ, १.११ रेकॉर्डरमधली नोंद आणि १.१७ कंपनीचा कारभार. एक कॅप्टन आणि सव्वीस फर्स्ट ऑफिसर ही नोंद वाचली की चर्चेचा सूर बदलतो. नंतर चौथा भाग. चूक एकट्या माणसाची असती तर चाळीसहून अधिक शिफारशी कराव्या लागल्या नसत्या. आणि तपासाचा हेतू अपघात टाळणं हा असतो, दोष किंवा दायित्व ठरवणं हा नसतो. हे तत्त्व आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो कराराच्या १३व्या परिशिष्टात आहे. त्या कागदावरून कुणाला नालायक ठरवणं म्हणजे तो ज्या कामासाठी लिहिलाच नाही त्या कामाला वापरणं.

सोसायटीच्या गटात लिहायचंच असेल तर इतकं लिहा: इंधन संपवण्याची गोष्ट खरी नाही. कॅप्टनने पहिलं लँडिंग योग्य वेळी सोडलं, दुसरं सोडायला हवं होतं ते सोडलं नाही. त्या निर्णयापर्यंत त्यांना आणणाऱ्या गोष्टींत मागून येणारा वारा, बिघडलेला वायपर, घाईत बदललेली धावपट्टी आणि तळावर एकच कॅप्टन ठेवणारं धोरण होतं. यातलं प्रत्येक विधान अहवालात तपासता येतं, त्यामुळे कुणी खोडू शकणार नाही.

मुलासाठी एक काम सुचवतो. आलेखाच्या कागदावर २७ सेंटीमीटरची रेघ ओढायला सांगा, एक सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटर. ३ वर पहिली खूण, ९ वर दुसरी, साडेतेरावर तिसरी. २७ च्या पुढे २.४ सेंटीमीटरचा पट्टा आणि तिथे कागद कापून टाका. मग विचारा: ९ ते साडेतेरा या अंतरात, १६५ नॉटला, किती सेकंद मिळतात? उत्तर पाचाच्या थोडं वर येतं. तेवढ्यात हाक द्यायची, ती ऐकली गेली की नाही हे बघायचं, नियंत्रण मागायचं आणि इंजिनाची ताकद वाढवणारे थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलायचे. टेकल्यावर रिव्हर्सर, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारी यंत्रणा, एकदा उघडले की परत वर जायचं नसतं. हा हिशेब त्याने कॅप्टनच्या जागेवरून करू नये, उजव्या हाताच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीवरून करावा. वैमानिक झालाच, तर पहिली काही वर्षं तो दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारीच बसणार आहे.